रिकामी स्ट्रिप

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी छावणीतल्या मेडिकलची फार्मासिस्ट! पांढऱ्या कोटात आमच्या गावी, सोयगावात दिसले असते तर आईने दृष्टच काढली असती. धाकटा भाऊ कृष्णा वाळूजच्या कंपनीत रात्रपाळी करतो. दोघांनी मिळून खोली घेतली आहे. मी त्याला चौकड्यांचा शर्ट घेतला, त्याने मला उसाचा रस पाजला. मालक बद्रीनाथशेठ गोड बोलतात. गिऱ्हाइकाने गोळ्यांची रिकामी स्ट्रिप दाखवली की तसलीच भरलेली द्यायची, म्हणाले. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच का, विचारलं, तर नुसते हसले.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पोरं या झोपेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. काही जण दारूवर घेतात. मी त्यांच्या कपाटाला कुलूप घातलं आणि चिठ्ठीशिवाय गोळी नाही अशी पाटी लावली. शेठ म्हणाले, पोरी, लई कायदा शिकवू नको, गिऱ्हाईक तुटंल. तुटू दे. दिवसा झोप लागत नाही म्हणून कृष्णानेही मागितल्या. त्यालाही म्हटलं, डॉक्टरची चिठ्ठी आण. रुसून बसला.

९ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी दुकान सुनं असताना निळ्या शर्टातला एक पोरगा येतो. बोलत नाही. रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवून उभा राहतो. आज ती परत द्यायला उचलली तर बर्फासारखी गार. वर पाहिलं तर कुणीच नाही.
समोर मुबारकचाचांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांना विचारलं, तर त्यांचं मशीन थांबलं. तो शर्ट त्यांनीच शिवलेला, पुतण्यासाठी. हा पुतण्या, इम्रान, गेल्या वर्षी याच मेडिकलच्या गोळ्या खाऊन झोपला तो उठलाच नाही. बेटी, तू गावाकडं निघून जा, म्हणाले.
मी का जाऊ? गोळ्या मी विकल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आज तिघं. एक बाई आहे. सगळ्यांच्या हातात रिकाम्या स्ट्रिप. खूप भीती वाटली. तरी त्यांच्याकडेही चिठ्ठी मागितली. जित्यांना देत नाही, तुम्हाला कशी देऊ?

१६ फेब्रुवारी, सोमवार
कपाट उघडं. शेठकडे दुसरी किल्ली होती. काल माझ्या सुट्टीत विकल्या. कुणाला, विचारलं. म्हणाले, आपलीच पोरं. तुझा भाऊबी आलता, अख्खी स्ट्रिप दिली त्याला.
कृष्णा सकाळी कामावरून येऊन झोपला होता. मी निघाले तेव्हा तोंडावर पांघरूण —

दुपार
रांग दारापर्यंत. सगळ्यात मागे — चौकड्यांचा शर्ट.
हातात रिकामी —
नाही. तुलाही देणार नाही. कुणालाच नाही.
फोन लावलाय. रिंग जातेय. रांगेत कुणाचाच वाजत नाही. म्हणजे फोन खोलीवर, तोही खोलीवर, अजून जिवंत —
मुबारकचाचा गाडी काढतायत. हे रांगेतले दार सोडत नाहीत. नका सोडू. तुमच्या मधूनच जाईन.
परत लावलाय. उचल, कृष्णा. उच—