स्टीअरिंगचा रॅक आणि आईची सही

अप्पा, स्टीअरिंगचा रॅक मिळणार नाही. काल दुपारी चेन्नईच्या गोदामातल्या माणसाने फोनवर तसं नक्की सांगितलं. त्याने गाडीचा चॅसी नंबर दोनदा वाचून घेतला, मला पाच मिनिटं थांबवलं आणि म्हणाला, "सर, हा भाग आता देशात कुठेच शिल्लक नाही. पुढेही येणार नाही." सहा महिन्यांत इतकं स्वच्छ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं, म्हणून मी त्याचे आभार मानले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आभार मानावेत असं त्यात काही नव्हतं.

अग्रहारातला आपला मेकॅनिक हे उन्हाळ्यापासून सांगत होता. तोच, ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणायचात की हात बरा आहे, तोंड जास्त आहे. "सिगल्ल सार, मिळायचं नाही. कंपनी गेली, सामानही गेलं. इंजिन बघा, पंधरा वर्षांचं वाटतं का? एका सेल्फला उठतं. पण चाकच वळत नाही. म्हैसुरातून सरळ रेषेत कुठे जाता येतं ते सांगा, तिथवर मी स्वतः सोडतो." मी हसलो. त्याआधी वर्षभर वळताना खालून कडकड आवाज येत होता आणि तो मी ऐकत होतो. तुम्ही बन्नीमंटपच्या बस वर्कशॉपात फोरमन होतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचात आणि बसचं दुखणं सांगायचात. आवाज आला की त्याच दिवशी बघायचं, हा तुमचा नियम. मी म्हणालो, दसरा होऊ दे. दसऱ्यानंतर म्हणालो, संक्रांत होऊ दे.

गाडी सरस्वतीपुरमला घरासमोरच उभी आहे, रस्त्यावर, करंजाच्या झाडाखाली. आपल्या आवारात दोन स्कूटर मावतात तेवढीच जागा, ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या आयुधपूजेला तिला धुतली, झेंडू घातले, कोहळा फोडला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि चालू करून फूटभर पुढे घेतली. लिंबं चिरडायला वळावं लागत नाही, म्हणून ती कडकडही ऐकू आली नाही. चारही फुटली. आई पायरीवरून बघत होती. म्हणाली, "आयतु, झालं. आता हे आले की चामुंडी बेट्टावर देवीला जाऊन येऊ."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, अप्पा. आईचं विसरणं सुरू होऊन दोन. ते मी नंतर लिहितो. आधी गाडीचं लिहितो, कारण तुम्ही असतात तर आधी तेच विचारलं असतंत.

ही अमेरिकन कंपनी आपल्या घरात आली ती आजोबांबरोबर. चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यावर ते मालकाची गाडी चालवत. घाटात मागचा अ‍ॅक्सल तुटला. मालकाने मुंबईला तार केली, आणि नवव्या दिवशी कडूर स्टेशनवर लाकडी पेटी उतरली. अ‍ॅक्सल पेटीतून काढला तो थेट बसला. कानस लावावी लागली नाही, की पाचर मारावी लागली नाही. आजोबा ही गोष्ट अशी सांगत, जणू कंपनीच्या मालकाने अमेरिकेतून स्वतः हाक ऐकली होती. पेटी त्यांनी मागून घेतली. पुढे तिच्यात दसऱ्याच्या बाहुल्या राहू लागल्या, आणि आपल्या घरी 'अ‍ॅक्सल उघड गं' याचा अर्थ बाहुल्या मांडायला घे असा झाला. काही वर्षांनी कंपनी देश सोडून गेली. गोष्टीतला तो भाग आजोबा सांगत नसत.

कंपनी पुन्हा आली तेव्हा मी पेपरात होतो. रविवारच्या पुरवणीसाठी मजकूर हवा होता, चार तास होते. मी लिहिला. सगळ्या जगासाठी एकच मॉडेल कसं काढलं, एका गाडीचा बोल्ट दुसरीला कसा बसायचा, शेतकऱ्याला घरच्या घरी दुरुस्ती कशी करता यायची, सगळं. शेवटी लिहिलं, भरवशाची कंपनी परत येत आहे. तुम्ही सकाळी कॉफी घेताना तो वाचलात आणि पेपर माझ्या ताटलीशेजारी ठेवलात.

"भरवशाची हे तुला कोणी सांगितलं?"

"इतिहासच आहे ना, अप्पा."

"इतिहासात एकदा निघून गेलेत ते. तेवढं गाळलंस."

मी जागेचं कारण दिलं. तुम्ही म्हणालात, "जागा नव्हती तर बोल्ट गाळायचा होतास." त्यानंतर डेस्कवर तीस वर्षं मी कुठल्याही मजकुरात काय गाळलंय ते आधी शोधायचो. ती सवय तुमची.

अग्रहारात ज्याला ज्याला गाडी घ्यायची असे तो तुमच्याकडे यायचा. सगळ्यांना तुमचं उत्तर एकच होतं, ज्या गाडीचं सामान इर्विन रोडवर मिळतं ती घे. आणि निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी स्वतः घेतलीत ती अमेरिकन! आई दारात कुंकवाचं ताट घेऊन उभी होती, तरी बोलल्याशिवाय राहिली नाही. "लोकांना शहाणपण आणि घरात अमेरिका." मी शोरूममध्येच तुम्हाला तुमचं वाक्य ऐकवलं होतं, एकदा निघून गेलेत ते. तुम्ही स्टीअरिंगवरून हात फिरवत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "सामान देतील रे. माझ्या वडलांना दिलं होतं." चाळीस वर्षं बसचे सांगाडे उघडणारा माणूस एका लाकडी पेटीवर विसंबून गाडी घेत होता, आणि चेहरा असा, की अडवणं जमलं नाही.

गाडीने तुम्हाला कधी मान खाली घालायला लावली नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. तुमची चार वर्षं, माझी दहा. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. कंपनी दुसऱ्यांदा देश सोडून निघाली त्या दिवशी बातमी माझ्याच हातून गेली. दोन कॉलम होते. शेवटच्या ओळीत होतं, की सुटे भाग पुरवत राहू असं कंपनीने सांगितलं आहे. जागा कमी पडत होती. मी ती ओळ कापली. तेव्हा कापायला नको होती असं वाटलं होतं. आता वाटतं, ओळ ठेवली असती तरी रॅक आला नसता.

आता आईचं.

ती रोज संध्याकाळी पाचला गाडीत जाऊन बसते. पुढे, डाव्या बाजूला. गाडीत चढायला पाय उचलत नाही म्हणून बाहुल्या दुसऱ्या खोक्यात काढून आजोबांची पेटी मी दाराखाली पायरीसारखी ठेवतो. मांडीवर पर्स, केसांत दोन शेवंत्या. मी दहा मिनिटं इंजिन चालू करतो, एसी लावतो. दिवसभर ती घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते, कपाटं उघडते, माझ्याकडे बघून "तुम्ही कोण, नळवाले का?" असं विचारते. गाडीत बसली की शांत होते. मला नावाने हाक मारते. तेवढा एक तास मी तिचा मुलगा असतो.

पहिल्यांदा तिने विचारलं, "हे कुठे गेले?" तेव्हा मी खरं सांगितलं. तुम्ही गेलात त्या दिवशी रडली होती तशीच ती रडली, तोच आवाज. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "कशाला सांगता? त्यांच्यासाठी ते दर वेळी आजच घडतं." त्या संध्याकाळी गाडीत तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रॅक आणायला गेलेत, आई."

"चेन्नईला?"

"हो."

"हौदा, खरंच? मग लागतील दोन दिवस. डबा नेला का?"

"नेला."

"दुसऱ्याला पाठवायचं होतं म्हणते मी. पण फोरमन माणूस! दुसऱ्याने आणलेला पार्ट यांना चालतो का कधी?" आणि ती हसली. तुमच्यावर चिडून हसायची तशी.

सहा महिने हे चाललंय. गोदामातल्या त्या माणसाला मी दर आठवड्याला फोन करत होतो, त्याचं हेही एक कारण होतं.

वीस दिवसांपूर्वी महापालिकेने काचेवर नोटीस चिकटवली. दसऱ्याआधी रस्त्याकडेच्या बंद गाड्या हलवायच्या आहेत. मालकाने नेली नाही तर ते उचलून नेतील. मी नोटीस भिजवून काढली, डाग राहिला. मेकॅनिक म्हणाला, "आता भंगारातच द्या सार, रीतसर द्या. उद्या कोणी नंबर प्लेट काढून भलतीकडे लावली तर पोलीस तुमच्याच दारात." रीतसर द्यायची तर गाडी देणाऱ्याच्या नावावर हवी. कागदावर मालक अजून तुम्ही आहात.

आरटीओजवळ बसणाऱ्या एजंटने कागद पाहून डोक्याला हात लावला. "अकरा वर्षं वारलेल्या माणसाच्या नावावर गाडी चालवली? आणि पेपरात होता म्हणता!" तेव्हाच नाव बदलायला हवं होतं, मला माहीत होतं. आयुष्यभर मी एकही डेडलाइन चुकवली नाही, आणि ही अकरा वर्षं चुकवली. त्याचं कारण एजंटला सांगण्यासारखं नव्हतं. डॅशबोर्डच्या खणात तुमच्या नावाचं आरसी बुक असायचं. पोलिसाने अडवलं की तो नाव वाचायचा, "यारु इदु, हे कोण?" मी म्हणायचो, "आमचे वडील." तो आरसी परत द्यायचा, मी खणात ठेवायचो. एवढंच. पण तेव्हा तो फॉर्म पुढे केला असता तर आईने सगळं समजून सही केली असती. रडत का होईना, केली असती.

फॉर्मवर वारसांच्या सह्या लागतात. माझी झाली. दुसरी आईची. मी एजंटला म्हटलं, अंगठा चालेल का. तो म्हणाला, "शिक्षिका होत्या ना? सगळीकडे सही आहे, आता अंगठा दिला तर साहेब शंका काढतील. सहीच हवी, माझ्यासमोर." आईला अजून सही येते, वाचताही येतं. तेवढं गेलेलं नाही. गॅसवाल्याची पावतीसुद्धा बोट फिरवत मोठ्याने वाचते, चुकीचा काना दिसला तर पेन्सिल मागते. फॉर्ममध्ये तुमच्या नावाखालीच छापलंय, वाहनमालकाच्या मृत्यूची तारीख.

एजंटला मी हे सांगितलं. माणूस वाईट नाही. जरा विचार करून म्हणाला, "फॉर्म दुमडा सार. वयस्कर लोकांचं आम्ही असंच करतो. खालचा भाग तेवढा पुढे करायचा, इल्ली सैन माडी अम्मा, इथे सही करा म्हणायचं, झालं."

तुम्हाला सातवीतलं प्रगतिपुस्तक आठवत असेल. गणितात लाल आकडा होता. आई स्वयंपाकघरात रगड्यावर डोशाचं वाटत बसली होती, हात कोपरापर्यंत पांढरे. मी प्रगतिपुस्तक दुमडून सहीची ओळ पुढे केली, "आई, लवकर, बस जाईल." तिने दोन बोटं पदराला पुसली आणि सही केली. तिच्या बोटाचा ओला ठसा कोपऱ्यावर राहिला. संध्याकाळी तुम्ही वर्कशॉपमधून आलात, रॉकेलने हात धुतलेत, आणि सहीपेक्षा तो ठसा आणि ती घडीच तुम्हाला आधी दिसली. तुम्ही ओरडला नाहीत. "ऊठ. तिच्यासमोर उघड. वाच." मी वाचलं. गणित शेवटी वाचलं. आई रगड्याचा दगड धूत राहिली. तुम्ही म्हणालात, "मार्कांचं बघू. पण ती तुझ्या तोंडाकडे बघून सही करते. तिला न दाखवता तिच्यापुढे कागद धरायचा नाही. पुन्हा कधी नाही." साठी उलटली माझी, अजूनपर्यंत धरला नव्हता.

आणि उघडून वाचून दाखवलं, तर ती वाक्य पुरं करेल, माझ्याकडे बघेल, आणि तुम्ही पुन्हा जाल. डबा घेऊन चेन्नईला गेलेले तुम्ही, त्या ओळीवर जाल. मंगळवारी भंगारवाला गाडीही नेणार. ते मी निभावेन. रॅक बसवायला नेली म्हणून सांगेन, तिला पटेल. पण त्या फॉर्मवर दुसरं काही सांगायला जागा नाही. काय गाळायचं ते मला कळत नाही, अप्पा. तुम्ही सांगितलं असतंत.

तुम्हाला याआधीही दोन-तीनदा लिहिलंय. ती पत्रं डॅशबोर्डच्या खणात आरसीखाली ठेवत आलो. या वेळी खण रिकामा करायचा आहे, म्हणून हे पत्र टेबलावरच राहील, फॉर्मच्या खाली.

आज दुपारी आई झोपली असताना फॉर्म मी दुमडून पाहिला. तुमचं नाव आणि तारखेची ओळ आत जाते. सहीची चौकट तेवढी बरोबर बाहेर राहते. मग उघडून, नखाने घडी मोडायचा प्रयत्न केला. ती दिसतेच.

सोमवारी अकरा वाजता एजंट येईल. आई आधी चष्मा मागेल.