माझ्या फोनचा शब्द शेवटचा

सोमवार, ३ मार्च
ऐक गं बये. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी तू, उद्या हेही विसरशील. म्हणून तुझ्यासाठी, म्हणजे माझ्याचसाठी, बोलून ठेवते. मला अक्षर येत नाही, पण मी बोलते आणि फोन लिहितो, वाचूनही दाखवतो.
लेकाची अट: रविवारपर्यंत सामान एकटीने मागवून दाखवायचं. जमलं तर मी माझ्या घरात. नाही तर त्याच्याकडे, कायमची. यादी एकच, पण ती माझ्या फोनमध्ये, त्याच्या फोनमध्ये आणि नव्या फ्रीजमध्येही. कुणीही काही सांगितलं की थेट दुकानात पोचतं. सोपं आहे. अकरा माणसांचं घर चालवलंय मी.

मंगळवार, ४ मार्च
मी दूध सांगितलं. फ्रीजला म्हणे आतलं संपलेलं आपोआप कळतं, त्यानेही सांगितलं. लेकाने ऑफिसातून सांगितलं. तिघांनी एकाच वेळी. तीन तिघाडा, काम बिघाडा. दारात तिप्पट दूध. सामान आणणारा म्हणाला, आजींचा आंघोळीचा बेत दिसतोय. आगाऊ मेला.
ठराव: या घरात एकच तोंड बोलेल. माझं.

बुधवार, ५ मार्च
लेकाने फ्रीजचं बोलणं बंद केलं. स्वतःही लुडबुड करणार नाही म्हणाला. त्याच्या शब्दावर कोण विसंबतंय? शेजारीण म्हणाली, विमानाचं चित्र दाबलं की बाहेरचं कुणी फोनला छळत नाही. दाबलं. मग बटाटे, पाव, अंडी सांगितली. फोनने हूं की चूं केलं नाही. मोठ्यांचं ऐकणारं घरात कुणीतरी आहे.

गुरुवार, ६ मार्च
सामान नाही. दुकानदार आळशी. पुन्हा सांगितलं, जरा ओरडून. लेकाचाही फोन नाही. बायको आली की आई कुठली आठवायला!

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं, दिवेलागणीला सांगितलं. ढिम्म. नुसत्या दुधावर आहे. वजन उतरतंय, तेही बरंच. लेकाचा अजून फोन नाही. दगड जन्माला घातला मी.

शनिवार, ८ मार्च
लेक दारात, सोबत कुलूपवाला. दार फोडायच्या बेतात. बुधवारपासून आईचा फोन लागत नाही, म्हणे. न वाजणारा फोन कसा उचलतात, मी विचारलं. त्याने विमानाचं चित्र बंद केलं. झालं! इतक्या दिवसांचं पोटात साठवलेलं फोनने दुकानात एकदम ओकलं. दुपारी पायरीवर बटाट्यांचा ढीग. कुलूपवाला म्हणाला, आजी हॉटेल काढतायत वाटतं. लेक हसला नाही. पायरीवर बसून डोळे पुसत होता. धूळ सोसत नाही त्याला, लहानपणापासून.
मग माझी बॅग भरायला लागला. मी भांडणार होते. पण घसा बसला होता, फोनवर ओरडून.

रविवार, ९ मार्च, लेकाचं घर
स्वखुशीने आले. घरात बटाटे, मी कुठे राहू?
इथे यादी सगळ्यांच्या फोनवर आहे, धाकट्या नातीच्यासुद्धा. मला अजून घातलेलं नाही. विसरले असतील.
सुनेला बोलून निरोप धाडला: सूनबाई, मी वरच्या खोलीत आहे. दोन अंडी उकडून पाठव, मीठ वेगळं. तिसरं पाठवलंस तर परत करणार नाही.