वरच्यांना गप्प करण्याची हसरी पद्धत

२ फेब्रुवारी, सोमवार

रोजनिशीचा पहिला दिवस. (जानेवारी तयारीत गेला.) नियम: थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं, स्वतःचं कौतुक टाळायचं.

आज नेमकं कौतुक करण्यासारखंच घडलं, त्याला माझा इलाज नाही. आमच्या वॉशिंग मशीन सर्व्हिस सेंटरच्या तक्रार काउंटरवर हल्ली नाना भाषांची गिऱ्हाइकं येतात. त्यांचं आपल्याला कळत नाही, आपलं त्यांना कळत नाही, आणि मशीन गळतच राहतं. स्टाफला हे शिकवायला साहेबांना एक ट्रेनिंग हेड हवाय. मी भर मीटिंगमध्ये माझी पद्धत मांडली: हसा, खूण करा, पुन्हा हसा. भाषा लागतच नाही. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. प्रभाव पडला.

स्पर्धेत दुसरा एकच, शेजारच्या खिडकीवरचा ज्युनिअर. तो हसत नाही. रांग मात्र त्याचीच लवकर संपते. नशीब एकेकाचं.

पोस्ट मिळाली की काचेमागून सुटका. स्वतःची केबिन, केबिनला दार. दार आतून लावून डबा खायचं माझं फार जुनं स्वप्न आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

वरच्या फ्लॅटमध्ये नवीन बिऱ्हाड आलं. सामान लावताहेत. धाड धाड धाड. चालायचंच. आपण समजूतदार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सामान अजून लावताहेत. एवढं सामान जिन्यावरून जाताना कुणी पाहिलं नाही. आधी एकाचा धाड, मग सगळ्यांचा मिळून धाड. कपाटंसुद्धा तालात सरकवतात.

ही म्हणते, अहो, ते नाचताहेत. ही बालवाडीत शिकवते. तिला जगात सगळे नाचतानाच दिसतात.

८ फेब्रुवारी, रविवार

नाचताहेत. मी स्वतः वर जाऊन शोधून काढलं. दार उघडलं ते भरघोस मिशांच्या एका गृहस्थाने. मागे दांडग्या बांध्याची त्याची बायको, गळ्यात अकॉर्डियन. आणखी दोन-चार माणसं, सगळ्यांच्या पायात लाकडी टाचांचे बूट. कसल्याशा स्पर्धेची तालीम असावी. बोलले ते भडाभडा, पण एक अक्षर कळेल तर शपथ. आमची कुठलीच भाषा त्यांनाही येत नाही.

मी अजिबात डगमगलो नाही. उलट आनंद झाला. पद्धत वापरायची संधी दारात उभी!

हसलो. जमिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे खालच्या मजल्यावर मी. मग स्वतः जोरजोरात पाय आपटले, म्हणजे हा असा आवाज येतो. मग दोन्ही हात जोडले. पुन्हा हसलो. मिशांचा चेहरा उजळला. त्यांनीही पाय आपटले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी कडकडून हात मिळवून खाली आलो. तक्रार इतक्या आनंदाने स्वीकारणारी माणसं मी काउंटरवर आजवर पाहिली नाहीत.

रात्री जेवताना बरोबर माझ्या खुर्चीच्या वर धाड धाड. निरोपाची तालीम असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना सांगितलं की वरचे शेजारी मी एक शब्दही न बोलता गप्प केले. केस स्टडी म्हणून. गप्प अजून झालेले नाहीत, पण ते होणारच आहेत, म्हणून भूतकाळ वापरला. साहेब खूश. ट्रेनिंग रूमला रंग लागतोय, तेव्हा म्हणाले, डेमो तुमच्या घरूनच व्हिडिओवर होऊन जाऊ दे. शनिवारी २८ तारखेला, सकाळी अकराला. सगळा स्टाफ बघेल. वर शांतता असली की पद्धत सिद्ध, आणि पोस्ट तुमची.

ज्युनिअर म्हणाला, ऑल द बेस्ट. न हसता. मत्सर.

११ फेब्रुवारी, बुधवार

पायरी दुसरी. लादी पुसायच्या दांड्याने छतावर तीनदा ठोकलं. वरून लगेच तीन ठोके आले. मी चार दिले. त्यांनी चार. मग त्यांनी एक अवघड ठेका दिला, तो मला जरा वेळाने जमला. मधेच चहात पोपडा पडला.

हिने येऊन विचारलं, जुगलबंदी संपली की भाजी चिराल का. मी सांगितलं, ही वाटाघाट आहे. ती म्हणाली, वाटाघाटीत तुम्ही मान का हलवताय.

१५ फेब्रुवारी, रविवार

आता चित्र. चित्र ही जागतिक भाषा. कागदावर मोठा बूट काढला, त्यावर लाल फुली मारली. खाली माझं हसरं तोंड. वर जाऊन दिलं. चित्र मोठ्या काळजीने न्याहाळलं गेलं. मग मिशांनी खाली वाकून माझ्या पायातल्या फाटक्या चपलेकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. माणूस हळवा आहे. हळव्या माणसाला समजावणं सोपं असतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दारात लाकडी टाचांचे बूट. एक जोड. पॉलिश केलेले.

ही तोंडाला पदर लावून आत गेली. मी बूट पुरावा म्हणून ठेवून घेतले. परत करणं पद्धतीत बसत नाही. देणाऱ्याचा अपमान होतो आणि अपमान झाला की संवाद तुटतो.

मापाचे आहेत. फक्त बघितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा एकदा फक्त बघितलं. टाच चांगली वाजते. ही दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. मी म्हटलं, फरशी जरा उंचसखल आहे. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आता साधी, सरळ, लहान मुलाला कळेल अशी खूण. वर जाऊन दोन्ही हात कानांवर ठेवले, मान नकारार्थी हलवली आणि हसलो. सगळे एकदम गंभीर झाले. आपसात कुजबुजले. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. शेवटी पोचलं!

जिना उतरताना मला ट्रेनिंग हेडची केबिन स्पष्ट दिसत होती. दाराला पितळी कडी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

त्यांचा समज झालाय की मला कमी ऐकू येतं. आजपासून दार आणि सगळ्या खिडक्या उघड्या टाकून तालीम. बाई अकॉर्डियन घेऊन जिन्याच्या कठड्याशी, म्हणजे मला नीट ऐकू यावं म्हणून. मिशा वाकून खाली बघत होते. मी दिसलो की हात करत होते. मीही हसून हात केला. सवयीने.

ही म्हणाली, अहो, आधी ते हसणं बंद करा. तक्रार करायची आणि बत्तीशी दाखवायची, समोरच्याने समजायचं काय? मी शांतपणे सांगितलं की हसू हा पद्धतीचा पाया आहे. बालवाडीतली पोरं वेगळी, प्रौढांचं मानसशास्त्र वेगळं. ती म्हणाली, मी वर जाऊन येऊ का. मी म्हटलं, नको. केस स्टडी माझी आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात कुणीतरी विचारलं, वरचे अजून शांतच ना? मी म्हटलं, एकदम. तेवढ्यात लक्षात आलं की टेबलाखाली माझा पाय ताल धरतोय. ज्युनिअरनेही ते पाहिलं.

आज खरं लिहायचं म्हणून लिहितो: थोडी भीती वाटते आहे. आयुष्यभर काचेमागे बसून राहिलो तर? पण भीती ही नवशिक्यांना. पालथ्या घड्यावर पाणी ओतत राहिलं की घडा कधीतरी आपणहून सुलटा होतो. शनिवारी सकाळी शेवटची, सविस्तर खूण.

२८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी दहा

जाऊन आलो. उत्कृष्ट खुणा झाल्या. घड्याळात अकरा दाखवले. हवेत चौकट काढली, म्हणजे स्क्रीन. पुष्कळ माणसं दाखवली, ती खाली माझ्या घरी बघणार हे दाखवलं. मग त्यांच्या बुटांकडे बोट. शेवटी ओठांवर बोट ठेवून डोळे मिचकावले, म्हणजे मैत्रीपूर्ण विनंती. भरपूर हसलो. मिशांनीही ओठांवर बोट ठेवलं, डोळा मिचकावला आणि मला मिठी मारली.

ते गप्प राहणार. पैज.

त्याच दिवशी, दुपार

क्रमाने लिहितो.

अकराला सगळा स्टाफ स्क्रीनवर. साहेब मध्यभागी. वर पूर्ण शांतता. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी. मी छताकडे बोट दाखवून म्हटलं, ऐका, हीच माझी पद्धत. साहेबांनी मान डोलावली. मी पहिली पायरी सांगायला तोंड उघडलं आणि बेल वाजली.

ते वर गप्प होते, कारण ते वर नव्हतेच. दारात होते. सगळे. चमकदार कपडे, अकॉर्डियन, बूट. मी ओठांवर बोट ठेवलं ते त्यांना गुपित वाटलं. अकरा वाजता, कॅमेऱ्यासमोर, पुष्कळ लोकांसाठी, माझ्या घरी नाच! मिशांनी मला दिलेल्या बुटांकडे बोट करून खूण केली की घाला.

मी नाही नाही म्हणून पाय आपटला. त्यांना वाटलं, सुरुवात झाली. आमच्या दिवाणखान्यात असं धाड धाड सुरू झालं की स्क्रीन टेबलावरून सरकू लागली. मी मधे उभा राहून हात हलवत होतो आणि हसत होतो. हसू थांबतच नव्हतं. साहेबांचा आवाज येत होता, काय म्हणत होते कळत नव्हतं.

मग ही स्वयंपाकघरातून आली. हात कणकेचे. हसली नाही, रागावलीही नाही. मिशांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ते थांबेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली. ते थांबले. अकॉर्डियन थांबलं. तिने सतरंजीकडे बोट केलं आणि आधी स्वतः बसली. सगळे बसले. मग छताकडे बोट, मग टाचेकडे, मग माझ्याकडे. आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून तिने असा काही त्रासलेला चेहरा केला की मलाच माझी दया आली.

मिशांचे कान लाल झाले. त्यांनी हळूच बूट काढून बाजूला ठेवले. मग बाकीच्यांनी. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतके दिवस हा माणूस हसत होता तो कशासाठी, हे त्यांना अजून कळत नव्हतं. हिने घड्याळात चार ते पाच दाखवले, नाचल्याची खूण केली, ठीक आहे अशी मान हलवली. मिशांनी छातीवर हात ठेवून मान्य केलं. मग ती सगळ्यांसाठी पाणी आणायला उठली.

माझी तीन आठवड्यांची मेहनत! जमीन मी नांगरली होती म्हणूनच हे पटकन उगवलं.

स्क्रीनवर टाळ्या. साहेबांनी विचारलं, या कोण? मी सांगितलं, माझी पत्नी, सध्या माझ्याच मार्गदर्शनाखाली. साहेब म्हणाले, त्यांचा नंबर द्या.

२ मार्च, सोमवार

पोस्टचा निर्णय झाला. ट्रेनिंग हेड ज्युनिअर. पण शिकवायला, दर शनिवारी, बाहेरून तज्ज्ञ येणार. शनिवारी बालवाडीला सुट्टी असते.

हिला साहेबांचा फोन आला तेव्हा मी मोठ्या मनाने म्हटलं, जा, माझी हरकत नाही. ती म्हणाली, माझं हो सांगून झालंय.

ऑफिसात लोक हसताहेत. हसतील त्यांचे दात दिसतील. मी काउंटरवर आहे. तज्ज्ञ घरातलाच आहे म्हटल्यावर मला निदान सल्लागार करतील. उद्या विषय काढतो.

४ मार्च, बुधवार

विषय काढला. साहेब म्हणाले, तुमचा विचार केलाय, नोटीस बोर्ड बघा.

पहिल्या बॅचमध्ये माझं नाव आहे. सगळ्यात वर. शेजारी कंसात लिहिलंय: सक्तीचे.

वर मात्र शांतता. चार ते पाच नाचतात, मी तेव्हा कामावर असतो.

१४ मार्च, शनिवार, रात्री

पहिला क्लास झाला. रंग वाळलाय. बाकं लहान वाटतात.

मॅडमनी (ऑफिसात मॅडमच म्हणायचं ठरलंय) मला पुढच्या बाकावर बसवलं. मी त्यांच्या मुद्द्यात भर घालायला तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा म्हणाल्या, हात खाली, आधी ऐका. चौथ्यांदा मी ज्युनिअरच्या कानात सांगायला गेलो तर मला उठवून भिंतीशी एकटं बसवलं. पुढे तक्रार कशी करू नये याचं उदाहरण दाखवायला बोलावलं. मी दाखवलं. वर्ग हसून लोळला. मला वाटलं, चला, काहीतरी शिकवलं आपण. मग सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं.

घरी येताना न राहवून विचारलं, खरं सांग, विद्यार्थी म्हणून मी कसा आहे. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, पालकांना भेटायला बोलवावं लागेल.

रात्री आईचा फोन आला होता. ट्रेनिंग कसं चाललंय विचारत होती. म्हटलं, छान, पुढेच बसवतात.