निघताना म्हणायचं गाणं

ताईस,

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

इथल्या लाँड्रीतली इस्त्रीवाली बाई, पाळी संपली की, मशीन बंद करते आणि इथल्याच भाषेतलं एक गाणं गुणगुणत चपला घालते. दोन वर्षं ऐकून ते माझ्याही तोंडात बसलं. शेवटी एकच शब्द तीनदा येतो. मला वाटलं, आपण निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो, तसंच काहीतरी असणार. म्हणून चिमीला फोनवर ते गाणं शिकवलं आणि अर्थही सांगितला, “आई काय म्हणतेय? येते, येते, येते!” तू म्हणालीस, “बरं केलंस बाई, आता पोर फोन ठेवताना रडत नाही.”

काल माझा करार संपला. पासपोर्ट मागायला गेले, तर मेल्या मुकादमाने कपाटाची किल्ली खिशात टाकली. “अजून दोन वर्षं. सही तूच केलीस.” आता कागदावरची ती भाषा मला वाचता कुठे येते? सगळ्यांनी केली, मीही केली.

तो कराराचा कागद इस्त्रीवालीला दाखवला. तिने एका शब्दावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचला. गाण्यातलाच शब्द! ती हसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “रोज गातेस की! ‘राहीन’ म्हणजे. इथेच राहीन.”

आज फोन ठेवताना चिमीने तो शब्द तीनदा म्हटला. सूर इतका गोड लागला होता, ताई, की मीही तिच्याबरोबर गायले.

तुझी,
धाकटी