ईराला घेऊन निघतेय

गोवा

ती. आई,
मनवा तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्राचा फोटो वन्संच्या मोबाईलवर पाठवतेय. इथे हवा छान आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

आई, केदार रोज दुपारपासून बारमध्ये बसतो आणि पाच वर्षांच्या ईरालाही नेतो. “सुट्टीवर आलोय, पोरीला काय होतंय?” म्हणतो. काल एका झिंगलेल्या माणसाने तिला मांडीवर ओढलं. ती रडत होती आणि केदार हसत होता. मी तिला उचलून बाहेर आणलं, तर म्हणाला, “एवढं असेल तर जा नगरला एकटी.”

उद्या ईराला घेऊन नगरला तुमच्याकडे यायला निघतेय. माझ्या माहेरी आता कुणी उरलं नाही. केदार तुमचा मुलगा आहे, हे कळतं मला. तरी आई, दार उघडाल ना?

तुमचीच,
मनवा