चाळीस मिनिटं

सीपरी बाजार, झाशी
१२ नोव्हेंबर १९६८

प्रिय कमलताई,

नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडून टाकू नकोस. इकडे सगळं ठीक. ह्यांची सर्दी अजून गेली नाही, मुलं आपसात हिंदीतच भांडतात. गुरसरायच्या शाळेत तू आता मोठ्या बाई झालीस असं कळलं.

हे पत्र आमच्या नानांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. आधी त्यांचा निरोप. अठ्ठावीस वर्षं उलटली की मंगळाचा जोर ओसरतो, तू बत्तीस वर्षांची, तेव्हा आता मार्तंडदादासाठी तुझा विचार करायला त्यांची हरकत नाही. त्यांची हरकत नाही, ताई! सत्तावन्न साली याच माणसाने तुझी पत्रिका तुझ्या वडिलांपुढे सरकवून म्हटलं होतं, "माझ्या मुलाचा जीव धोक्यात घालू?" आता दादा छत्तीसचा झाला, कारखान्यात संप करणाऱ्याला कोणी मुलगी देईना, तेव्हा मंगळ बरा निवळला.

मला या माणसांची चीड येते. मांजर आडवं गेलं की थांबणाऱ्या शेजारणीला नाना हसतात, "अनपढ़ लोग हैं" म्हणतात. आणि दादा! कारखान्याच्या गेटवर त्याचं भाषण, "भाइयो, भाग्य-वाग्य कुछ नहीं होता!" लोक टाळ्या वाजवतात. तोच दादा त्या दिवशी खाली मान घालून म्हणाला, "नानांचं मन मोडवत नाही." परवा त्याला विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? तर म्हणे, "दुर्गे, तूच लिही. तुझं ती ऐकेल."

तू माझं का ऐकू नयेस, हे त्याला कुठे माहीत आहे?

नकारानंतर दोन दिवसांनी तू आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडलीस. "माझी पत्रिका खरंच इतकी वाईट आहे का गं?" मी तुला पाणी दिलं ते डाव्या हाताने. उजवा पदराखाली होता, बोटांना शाई लागली होती. त्याच सकाळी नानांनी मला माझी पत्रिका नव्याने उतरवायला बसवलं होतं, माझं अक्षर चांगलं म्हणून. मूळ पत्रिकेत माझाही मंगळ बाराव्या घरात, तुझ्यासारखाच. नानांनी जन्मवेळ चाळीस मिनिटं पुढे ढकलली, मंगळ अकराव्यात गेला आणि माझ्या हातची ती पत्रिका माझ्या सासरी गेली.

मी सतरा वर्षांची होते, असं मनाला सांगते. पण सतराव्या वर्षी बोलता येतं, ताई. मी बोलले नाही.

आणि ऐक. या थोतांडावर माझा विश्वास नाही ना? मग गेली दहा वर्षं दर मंगळवारी मी उपास का करते? सासूबाईंना वाटतं गणपतीचा. हे दोनदा शिंकले की मी देवापुढे दिवा लावते. नानांना नावं ठेवायला मला तोंड नाही.

मूळ पत्रिका नानांनी जाळायला दिली होती. मी जाळली नाही. सोबत पाठवते आहे. कुणाला दाखवायची ते तू ठरव, माझ्या सासरी पाठवलीस तरी मी तुला दोष देणार नाही. दादाला होकार द्यायचा असेल तर दे. पण नानांनी तुझा मंगळ माफ केला म्हणून देऊ नकोस.

उत्तर आलं नाही तरी मी समजेन.

तुझ्याइतक्याच मंगळाची,
दुर्गा