टिकटिकणारा गळा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा दमा आणि आईचा माझ्यावरचा राग ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत. पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव (ता. क. तेवढे सोडून).

आमचं काम तुला माहीतच आहे. डोंगराच्या पोटात स्फोट करायचा आणि फुटलेला दगड कुठे कुठे गेला ते शोधायचं. दगड काही विचारलं तरी सांगत नाही, म्हणून सुरुंगाशेजारी किंचित किरणोत्सारी द्रव्य ठेवतात. मग खालून काढलेले तुकडे यंत्रासमोर धरायचे; ज्याला ते द्रव्य चिकटलं असेल त्याच्यापुढे यंत्र टिकटिकतं. (भावजींना हे कितीदा समजावलं, तरी ते मला सुरुंगवालाच म्हणतात.)

परवा यंत्र चेकाळलं. जो दगड धरावा तो वाजे. लांबच्या बोगद्यातला वाजला, दाराला अडकण म्हणून ठेवलेला धोंडासुद्धा वाजला. साहेबांनी लगेच मलबा डोंगरापार पोचल्याचा सिद्धान्त फळाभर मांडला आणि वरच्या कचेरीला फोन लावला. मी चहाला गेलो की टिकटिक बंद, परतलो की सुरू. त्यावरही साहेबांकडे सिद्धान्त तयार होता (हुशार माणसाला आवरणं कठीण). शेवटी यंत्राची नळी फिरवत ते दगडांवरून टेबलावर, टेबलावरून माझ्या सदऱ्यावर आले, आणि माझ्या गळ्यापाशी यंत्राने असा कडकडाट केला की मला काही लपवायची सोयच उरली नाही.

आवाज बसतो म्हणून त्याच दिवशी सकाळी दवाखान्यात गळा तपासून घेतला होता. त्यासाठी तिथेही असलंच किरणोत्सारी औषध थोडंसं टोचतात. आमचं यंत्र जुनं, टिकटिक कोणाची ते त्याला कळत नाही. मला तरी आठवायला हवं होतं, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. साहेबांनी फळा पुसला, फोनवर माफी मागितली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सांगितलंस का?" मी हो म्हणालो.

आईला म्हणावं, काळजीचं काही कारण नाही.

तुझा
सुरुंगवाला

ता. क. : इथून मनात वाच. गळ्यात गाठ आहे. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला काढणार आहेत. कसली आहे ते काढल्यावर कळेल.

आणखी एक ता. क. : लहानपणी माझं काही दुखलंखुपलं की तुला न सांगता कळायचं. आता इतक्या लांबून कसं कळणार, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. तू ये. आईला काहीतरी थाप मार.

शेवटचा ता. क. : तुला मनात वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा आईलाही घेऊन ये.